पहाटेची चावी

पहाटेचे सव्वाचार. घाटकोपरच्या डोंगरवस्तीखाली, रस्त्याच्या कडेला, चावीवाले काका एका स्कूटरकडे बघत उभे आहेत. स्कूटरच्या पुढच्या चाकाखाली गोल लोखंडी झाकण आहे. झाकणाखाली व्हॉल्व्ह आहे आणि त्या व्हॉल्व्हच्या पलीकडे वरच्या काहीशे घरांचं आजचं पाणी आहे. स्कूटरला हँडल लॉक. काका शिवी देत नाहीत. इतक्या वर्षांत सगळ्या देऊन संपल्या असाव्यात. आम्ही दोघं मिळून पुढचं चाक उचलतो आणि स्कूटर हातभर बाजूला सरकवतो. तेवढ्यात वरच्या एका खिडकीत दिवा लागतो. पाण्याची वेळ झाली की या वस्तीत गजर लागत नाही, पिंपाची झाकणं वाजतात.

ते खांद्यावर जी घेऊन आले होते तिला चावीच म्हणतात. चार-साडेचार फुटी लोखंडी दांडा, वर आडवी मूठ, खाली चौकोनी खाच. ती खाच व्हॉल्व्हच्या डोक्यावर बसली आणि काका आटे मोजायला लागले. मोठ्यानं नाही, ओठांतल्या ओठांत. मध्येच थांबून त्यांनी दांड्याला कान लावला.

“आलं.”

मला काहीच ऐकू आलं नव्हतं. “हात लावा मॅडम,” ते म्हणाले. हात लावला. मांडीवर बसलेलं मांजर गुरगुरावं तसा तो लोखंडी दांडा आतल्या आत थरथरत होता. खाली, माझ्या चपलेपासून चार फुटांवर, वैतरणा धावत होती. की भातसा? एकाच नळात दोघी असू शकतात.

काकांनी व्हॉल्व्ह पूर्ण उघडला नव्हता. का, म्हणून विचारलं, तर त्यांनी पलीकडच्या वळणावरच्या झाकणाकडे बोट दाखवलं. “मघाशी तिकडचा अर्धा बंद केला ना, तो यासाठीच. खालचं दाबलं की वर चढतं.” अख्खं जलशास्त्र पाच-सहा शब्दांत. पाणी उताराला धावतं हे शाळेत शिकतो. ते चढवायचं असेल तर कुणाचं तरी अडवावं लागतं, हे शाळेत शिकवत नाहीत. मुंबईचं राजकारण मला त्या पहाटे जेवढं कळलं तेवढं टीव्हीवरच्या चर्चा ऐकून कधी कळलं नव्हतं.

हे पाणी आलं कुठून, याचा उलटा माग काढत गेलं की माणूस थक्क होतो. मुंबईला रोज साधारण ३,८५० दशलक्ष लिटर पाणी दिलं जातं. हा आकडा इतका मोठा आहे की डोक्यात मावत नाही. म्हणून टँकर मोजू. दहा हजार लिटरचा एक टँकर धरला तर रोज ३ लाख ८५ हजार टँकर. एकेक टँकर आठ मीटरचा धरून एकामागे एक उभे केले तर रांग मुंबईहून दिल्लीला पोचेल, वळेल आणि परत मुंबईत येईल. रोज. आणि ही रांग आपल्याला दिसत नाही, कारण ती जमिनीखालून येते.

सात तलाव हे मुंबईत वाढलेल्या प्रत्येकाला पाठ असतात, निदान जून-जुलैत तरी. विहार, तुळशी, तानसा, मोडक सागर, अप्पर वैतरणा, मध्य वैतरणा, भातसा. ही नावं बांधणीच्या क्रमानं लावली की शहराची तहान कशी वाढत गेली ते दिसतं. विहार १८६० मधला, मिठी नदी अडवून केलेला. तोवर मुंबई विहिरी आणि तळ्यांवर जगत होती. धोबीतलाव हे नाव आज आहे, तलाव नाही. तुळशी १८७९ मधला. हे दोन्ही आज बोरिवलीच्या राष्ट्रीय उद्यानाच्या रानात, म्हणजे शहराच्या हद्दीतच आहेत. तिथून पुढे मात्र शहरानं हद्द ओलांडली. १८९२ मध्ये तानसा, जवळपास पावणेतीन किलोमीटर लांबीचं दगडी धरण, आजही कामावर. १९५७ मध्ये वैतरणेवरचा मोडक सागर. या मोडकांचं नाव मुंबईकर रोज पिण्याच्या पाण्याबरोबर घेतात, पण ते कोण हे फार थोड्यांना ठाऊक असतं. एन. व्ही. मोडक हे शहराचे अभियंते. १९४८ च्या बृहन्मुंबईच्या आराखड्यावर त्यांचं नाव आहे. पुढे १९७३ च्या सुमारास अप्पर वैतरणा, ऐंशीच्या दशकाच्या तोंडाशी भातसा, आणि २०१४ मध्ये १०२ मीटर उंचीचं मध्य वैतरणा. शंभरेक किलोमीटर उत्तरेकडे सरकत सरकत शहर नाशिक जिल्ह्यात, इगतपुरी तालुक्यात पोचलं.

अप्पर वैतरणेचं पाणी तर मला सगळ्यात गमतीचं वाटतं. ते आधी जलविद्युत केंद्रातली जनित्रं फिरवतं, मग नदीच्याच पात्रातून मोडक सागरात उतरतं आणि तिथून मुंबईच्या वाटेला लागतं. म्हणजे आपण ज्यानं दात घासतो त्यानं येताना वीजही करून ठेवलेली असते. वैतरणा आणि तानसाचं पाणी उताराच्या जोरावरच भांडुपच्या शुद्धीकरण केंद्रापर्यंत येतं. भातसाचं मात्र पिसे इथे उपसावं लागतं, पांजरापूरला शुद्ध करावं लागतं. म्हणून पिसेला वीज गेली की तासाभरात इकडे व्हॉट्सअ‍ॅपवर “आज पाणी कमी दाबाने” फिरायला लागतं.

शुद्ध झालेलं पाणी मग टेकड्यांवर चढवून ठेवतात. शहरभर सत्तावीस सेवा जलाशय आहेत, बहुतेक उंचावर, कारण तिथून पुढचं काम पुन्हा उताराचं. मलबार हिलच्या हँगिंग गार्डनमध्ये आपण लहानपणी झुडपांचे कापून केलेले हत्ती-जिराफ बघायला गेलो, त्या गवताखाली दक्षिण मुंबईचं पिण्याचं पाणी आहे, ब्रिटिश काळापासून. २०२३ मध्ये हा जलाशय पाडून नवा बांधायचा बेत झाला, झाडं तुटणार म्हणून रहिवासी उठले, आयआयटीच्या प्राध्यापकांसह समिती बसली आणि दुरुस्तीवर भागवता येईल असं निघालं. बाग मात्र तशीच आहे, आणि पोरं अजून जिराफाजवळ फोटो काढतात.

शहराकडे पाणी आणणारे बोगदे तर आणखी अद्भुत. गुंदवली ते भांडुप हा पंधरा किलोमीटरचा जलबोगदा जमिनीखाली शंभरेक मीटर खोल आहे. अशा बोगद्याला कुणाचा धक्का लागणार? लागला. ठाण्यात कुणीतरी बोअरवेल खणली, आणि ती थेट या बोगद्याला भिडली. दुरुस्तीसाठी २०२३ च्या मार्चअखेरीपासून महिनाभर मुंबईत पंधरा टक्के पाणीकपात करावी लागली. पाणी शोधायला निघालेल्या माणसाला इतकं पाणी लागल्याचं दुसरं उदाहरण माझ्या माहितीत नाही.

आता एक छोटा भागाकार. सातही तलाव काठोकाठ भरले की साठा १४,४७,३६३ दशलक्ष लिटर होतो. त्याला रोजच्या ३,८५० नी भागा. उत्तर येतं ३७६ दिवस. वर्ष ३६५ दिवसांचं. सव्वाकोटीच्या वर माणसांच्या शहराची सगळी शिल्लक अकरा दिवसांची! त्यातून उन्हानं वाफ होऊन जातं ते वेगळं. म्हणून १ ऑक्टोबरला पाणीखात्यातले अभियंते तलावांची पातळी बघतात, घरातली बाई साठवणीचा तांदूळ बघते तशी, आणि पुढच्या जुलैपर्यंतचा हिशोब मांडतात. जून कोरडा गेला की बोंब.

आणि इथे पहिली मोठी चावी लागते. या साठ्यातला जवळपास निम्मा एकट्या भातसात असतो, आणि भातसा महापालिकेचं नाही, राज्य सरकारचं आहे. अप्पर वैतरणाही तसंच. तलाव तळाला गेले की महापालिका राज्याच्या जलसंपदा खात्याकडे राखीव साठा मागते. म्हणजे देशातली सगळ्यात श्रीमंत महापालिका, जिचा २०२५-२६ चा अर्थसंकल्प ७४ हजार कोटींच्या वर, गोव्याच्या राज्य अर्थसंकल्पाच्या दुपटीहून मोठा, ती उन्हाळ्यात मंत्रालयाच्या दारात हंडा घेऊन उभी. पालिकेत आणि मंत्रालयात एकाच पक्षाचं राज्य असेल तर हंडा लवकर भरतो असं म्हणतात. म्हणणारे सगळ्या पक्षांतले असतात.

२०२४ मध्ये ३० मेपासून पाच टक्के आणि ५ जूनपासून दहा टक्के कपात झाली. तेव्हा आमच्या सोसायटीत फारसा फरक पडला नाही. मी काकांना तसं म्हटलं, तर ते हसले. त्यांनी मला जे समजावलं ते नीट सांगते, कारण वर्तमानपत्रात हे वाचायला मिळत नाही.

मुंबईत बहुतेक ठिकाणी पाणी चोवीस तास नसतं. ठरलेल्या वेळात, आळीपाळीनं सोडतात. समजा एका भागाला दीड तास पाणी आहे. व्हॉल्व्ह उघडला की पहिली काही मिनिटं रिकामा पाइप भरण्यात जातात. मग खालच्या, जवळच्या इमारतींच्या टाक्या भरू लागतात. त्या पीत असतात तोवर पुढच्या पाइपात दाब नसतो. वस्तीच्या भाषेत “पाण्याला फोर्स नाही”. टाक्यांचे फ्लोट वर आले, खालच्यांची तहान भागली, की मग दाब वाढत वाढत वर चढतो आणि शेवटच्या घराला शेवटची वीसेक मिनिटं धार मिळते. आता यातली दहा टक्के कपात करा. नऊ मिनिटं गेली. कुणाची? खालच्या इमारतीची नाही. वरच्या घराची विसातली नऊ गेली. कागदावर सगळ्यांना सारखी दहा टक्के, टेकडीवर जवळपास निम्मी. त्यात कुणी पाइपाला मोटर लावली तर ती बाकीची अकराही ओढून घेते.

गढूळ पाण्याचं कोडंही इथेच सुटतं. पाइप भरलेला असतो तोवर त्याच्या भोकांतून पाणी बाहेर झिरपतं. रिकामा झाला की उलटं होतं. तीच भोकं बाहेरचं, शेजारच्या गटाराचंसुद्धा, आत ओढून घेतात. म्हणून वस्तीतल्या बायका पहिल्या पाच मिनिटांचं पाणी भांडी-लादीला वापरतात आणि मगच कळशी लावतात. कुठल्याही अभियंत्याच्या अहवालाइतकं हे शहाणपण पक्कं आहे.

दुसरी चावी कागदाची. ती मला चावीपेक्षा कुलूपच जास्त वाटते. १९९६ मध्ये राज्य सरकारनं परिपत्रक काढलं: १ जानेवारी १९९५ नंतरच्या झोपड्यांना पाण्याची जोडणी नाही. मग ही तारीख निवडणुकांबरोबर पुढे सरकत गेली, आधी २०००, मग २०११ पर्यंत. जगात नळाला वाढदिवस विचारणारं दुसरं शहर असेल का कोण जाणे. माणसाला तहान लागते ती त्याच्याकडे कुठल्या सालचं रेशनकार्ड आहे ते बघून लागत नाही. ज्यांची तारीख चुकली त्यांनी पाणी प्यायचं सोडलं नाही. त्यांनी ते विकत घेतलं, कुणाच्या तरी जोडणीवरून पाइप ओढून, पिंपाच्या भावानं. दोनशे लिटरच्या पिंपाला चाळीस रुपये धरले तर हजार लिटरला दोनशे झाले. महापालिकेच्या अधिकृत जोडणीवर घरगुती वापराचं तेवढंच पाणी दहा रुपयांच्या आत पडतं. गरिबाला पाणी फुकट लागतं असं म्हणणाऱ्यांनी हा हिशोब एकदा करून बघावा.

पाणी हक्क समितीच्या याचिकेवर मुंबई उच्च न्यायालयानं डिसेंबर २०१४ मध्ये सांगितलं की झोपडी बेकायदा असली तरी पाणी नाकारता येणार नाही, ते जगण्याच्या हक्कात येतं, राज्यघटनेच्या २१ व्या कलमात. एका नळासाठी घटनेचं कलम! त्यानंतर धोरण यायला आणि मे २०२२ मध्ये ‘सर्वांसाठी पाणी’ लागू व्हायला जवळपास साडेसात वर्षं गेली. तरी अर्ज, ना हरकत, प्लंबर, रस्ता खोदायची परवानगी हे सगळं उरलंच. इथे नगरसेवक लागतो. लोक खड्ड्यासाठी नगरसेवकाला शिव्या देतात आणि पाण्यासाठी त्याच्या ऑफिसच्या बाकावर जाऊन बसतात. त्याच्या एका पत्रानं वॉर्ड ऑफिसातला कागद हलतो, हे सगळ्यांना माहीत असतं.

मुंबईत असे २२७ नगरसेवक. पण ७ मार्च २०२२ ला सभागृहाची मुदत संपली आणि निवडणूक झाली ती थेट जानेवारी २०२६ मध्ये. मधली जवळपास चार वर्षं प्रशासक, म्हणजे राज्य सरकारनं नेमलेले आयुक्त, हेच स्थायी समिती आणि हेच सभागृह. प्रस्ताव मांडायचा त्यांनीच, मंजूर करायचा त्यांनीच. सगळ्यात नवलाची गोष्ट म्हणजे रोजच्या कारभारात यानं फारसं काही बदललं नाही. १८८८ च्या मुंबई महापालिका कायद्यानंच कारभाराची सूत्रं आयुक्तांच्या हाती ठेवलीत. महापौराच्या गळ्यात साखळी आहे, हातात चावी नाही. १९९२ च्या ७४ व्या घटनादुरुस्तीनं शहरांना अधिकार देण्यासाठी बारावी अनुसूची जोडली. तिच्यातल्या अठरा विषयांत पाणीपुरवठा पाचवा आहे. पण यातलं काय द्यायचं आणि किती, हे राज्यानं ठरवायचं, आणि हातातलं सोडायला कुठल्याही राज्याला आवडत नाही, मग पक्ष कुठलाही असो. या चार वर्षांत आमच्या भागातले नगरसेवक पाटीवर ‘माजी’ हा शब्द बारीक अक्षरात लिहून तसेच बसायचे. लोकही जायचे. जाणार कुठे?

तिसरी चावी दिल्लीत. तहान ३,८५० वर थांबलेली नाही, म्हणून आणखी धरणांची तयारी आहे. गारगाईचं धरण तानसा अभयारण्यात येतं, तेव्हा वन्यजीवांची मंजुरी केंद्राची. २०२०-२१ च्या सुमारास राज्यानं झाडांसाठी गारगाई बाजूला ठेवून मनोरीला समुद्राचं पाणी गोडं करायचं ठरवलं. सरकार बदललं आणि गारगाईची फाइल पुन्हा वर आली. दमणगंगेचं पाणी पिंजाळ नदीच्या खोऱ्यात आणून मुंबईला द्यायचा प्रकल्प तर २०२२ च्या केंद्रीय अर्थसंकल्पाच्या भाषणात वाचला गेला. दमणगंगा उगवते नाशिक जिल्ह्यात आणि समुद्राला मिळायला जाते गुजरातेच्या बाजूनं. घटनेत पाणी राज्याचा विषय, पण नदीनं सीमा ओलांडली की केंद्रही मध्ये येऊ शकतं. घाटकोपरच्या बादलीत दोन राज्यांचा वाद असू शकतो.

या सगळ्या चाव्यांच्या जुडग्यात एक नाही, ती शहापूरची. भातसा आणि तानसा शहापूर तालुक्यात आहेत. त्याच तालुक्यात दर उन्हाळ्यात गावपाड्यांना टँकर लागतात. जलवाहिनी शेजारून जाते, तिच्यावरून पोरं उन्हात चालतात, आतलं पाणी मुंबईला. मी एकदा त्या बाजूला गेले होते तेव्हा एका आजीनं विचारलं, “मुंबईत चोवीस तास पाणी असतं ना गं?” नसतं म्हटलं. तिला पटलं नाही. तिच्या दारावरून रोज एवढं जातं, ते कुठे जातं मग?

कुठे जातं याचं साधं उत्तर आहे: गळती आणि चोरी मिळून पाव ते तिसरा हिस्सा वाटेतच हिशोबाबाहेर पडतो. रोजच्या टँकरांची ती दिल्लीपर्यंतची रांग आठवा; त्यातले लाखभर टँकर वाटेत रिकामे होतात. गारगाई बांधून मिळणारं पाणी याच्या निम्म्याहून कमी आहे. तरी निवडणुकीत धरणाचं भूमिपूजन होतं, गळक्या सांध्याचं होत नाही. सांध्याजवळ मंडप घालायला जागा नसते, हेही खरं.

पावणेसहाला काकांनी चावी पुन्हा बसवली आणि आटे उलटे मोजले. दांड्याची थरथर मंद होत थांबली. वरून एका बाईनं ओरडून सांगितलं, “काका, आज पाच मिनिटं उशीर झाला!” काकांनी बाजूला सरकवलेल्या स्कूटरकडे हात केला. ती बाई काय बोलली ते इथे छापता येणार नाही.

तुमच्याही रस्त्यावर असं एखादं गोल झाकण असेल. कुठे आहे ते आज बघून ठेवा, आणि रात्री गाडी त्यावर लावू नका.